अधिकाचं वाण आणि स्लीपरचा डबा

तिसऱ्या दिवशी तांदळाच्या पाण्याला वास येतो. पहिल्या दिवशी काही कळत नाही, दुसऱ्या दिवशी झाकण काढलं की जरासं आंबूस वाटतं, आणि तिसऱ्या दिवशी मात्र मान वळवूनच पातेलं उचलावं लागतं. रोज पाणी बदललं तरी येतोच. अनारसे करायचे तर हा वास सोसावा लागतो, त्याला इलाज नाही. आज सकाळी मी ते पाणी मोरीत ओतलं, वर चार तांबे स्वच्छ पाणी सोडलं आणि हात दोनदा साबणाने धुतले. तरी बोटांना वास आहेच. लिहिताना मधूनच येतो.

अधिक महिना आला. दर तीन वर्षांनी येतो आणि जावयांची चंगळ करून जातो. ताटात तेहतीस अनारसे, शेजारी दिवा, वरून खणाचं झाकण, आणि जावयाला विष्णू मानून नमस्कार. यंदा तो ज्येष्ठात आलाय, त्यामुळे दुपारी गॅलरीच्या कठड्याला हात लावायची सोय नाही. मागचा श्रावणात होता. तेव्हा सगळं कसं ओलं, हिरवं आणि बुरसटलेलं होतं. माझ्या घरात कधी बुरशी नसते, पण त्या वर्षी चपलांच्या कपाटातही ती सापडली होती. त्या श्रावणात मी माझ्या परदेशी जावयाबरोबर स्लीपरच्या डब्यातून तिरुपतीला गेले. तांदळाचा हा वास आला की मला तो डबा आठवतो.

मला किळस फार येते हे आधीच सांगून टाकते. माझी सगळी नोकरी औरंगपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये गेली. रक्त, लघवी, शौच, थुंकी. पूर्वी लोक नमुना काडेपेटीत घालून आणायचे, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला, आणि लाजत लाजत टेबलाच्या कोपऱ्यावर सरकवायचे. त्यांच्यासमोर मी कधी नाक मुरडलं नाही. लॅबमध्ये किळस येतच नाही. तिथे ती गोष्ट काचपट्टीवर असते, तिला नंबर असतो, आणि काम झालं की ती जाते. किळस येते ती बाहेर आल्यावर. रिक्षावाला मान बाहेर काढून पिचकारी मारतो तेव्हा. भेळवाला कांदा चिरता चिरता काख खाजवतो तेव्हा. मंगल कार्यालयात एकच पेला पिंपात बुडत राहतो आणि दोनशे माणसं त्याने पाणी पितात तेव्हा. भिंगाखाली काय दिसेल ते मला भिंगाशिवाय दिसतं. यात माझा दोष नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते.

माझा चेहरा मात्र दोषी आहे. नाकाच्या दोन्ही बाजूंना घड्या पडतात, वरचा ओठ उचलला जातो, डोळे बारीक होतात. मला कळायच्या आत हे सगळं झालेलं असतं. आमच्या मुक्ताने लहानपणी त्या चेहऱ्याची नक्कल करून पाहुण्यांना हसवलंय. मोठी झाल्यावर ती हसायची बंद झाली.

ती नोकरीसाठी हॉलंडला गेली आणि दोन वर्षांनी एका रविवारी तिने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, आई, हा यान. गोरा, उंच, सोनेरी दाढी. मी नमस्कार केला, त्यानेही केला. आणि तेवढ्यात त्याने खिशातून कापडी रुमाल काढला, त्यात जोरात नाक शिंकरलं, रुमालात एकदा डोकावून पाहिलं, नीट चौकोनी घडी घातली आणि तो परत खिशात ठेवला. परत खिशात. माझा चेहरा व्हायचा तो झाला. मुक्ताने तो पाहिला आणि फोन बंद केला.

तिला वाटलं, मला तो माणूस आवडला नाही, त्याची जात, देश, रंग आवडला नाही. मी रुमालाचं सांगायला गेले तर ते आणखीच खोटं वाटलं. त्यानंतर सात-आठ महिने 'ठीक आहे' आणि 'कामात आहे' एवढेच निरोप आले. लग्न त्यांनी तिकडेच कचेरीत केलं. फोटो आले ते तिच्या बाबांच्या फोनवर, माझ्या नाही. एकुलत्या मुलीच्या लग्नाचा फोटो मी नवऱ्याच्या हातातून मागून घेऊन पाहिला.

म्हणून मागच्या अधिकात ती दोघं येणार कळल्यावर मी महिनाभर आधीपासून घर घासत होते. आली त्या दिवशी यान आंघोळीला गेला आणि मुक्ता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, एकच सांगते. तू काही बोलली नाहीस तरी चालेल, प्रेम दाखवलं नाहीस तरी चालेल. तो चेहरा तेवढा करू नको. या वेळी केलास तर मी पुन्हा येणार नाही."

तिने आवाज चढवला नाही. लॅबमध्ये आम्ही रिपोर्ट देताना बोलायचो तशी ती बोलली. मी मान हलवली आणि तांदूळ भिजत घालायला घेतले.

अडीच आठवडे मी चेहरा सांभाळला. सोपं नव्हतं. यान बाटलीला तोंड लावून पाणी प्यायचा आणि ती बाटली पुन्हा सगळ्यांच्या बाटल्यांत ठेवायचा. ताटाला डावा हात लावायचा नसतो हे त्याला कळतच नव्हतं. जेवताना बोटं चाटून पुन्हा भांड्यातली पोळी घ्यायचा, म्हणजे घरभर उष्टं. त्याच्या बॅगेत कागदाची गुंडाळी होती आणि ती कशासाठी होती ते मला ठाऊक होतं. ज्या गोष्टीचे नमुने मी आयुष्यभर तपासले, ती कागदाने पुसून माणूस स्वच्छ होतो यावर माझा विश्वास बसणं शक्य नाही. पण मी हसतमुख राहिले. हसून हसून जबडा दुखायचा.

एक गोष्ट मात्र मला त्याची मनापासून आवडली. मी पहाटे पाचला उठते. दात, जीभ, घसा, सगळं तळापासून साफ करते. वडिलांनी लावलेली सवय आहे, त्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. मी न्हाणीघरातून बाहेर यायचे तेव्हा यान गॅलरीत उभा असायचा. कानात ती छोटी यंत्रं, डोळे मिटलेले, तोंड उगवतीकडे. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांशिवाय तिथे बघण्यासारखं काही नाही, तरी तो अर्धा-अर्धा तास निश्चल. मी शेजारच्या देशपांडे वहिनींना सांगितलं, आमचा जावई रोज ध्यान करतो. त्यांनी ते सगळ्या सोसायटीत सांगितलं. त्या अडीच आठवड्यांत तेवढीच एक अभिमानाची गोष्ट माझ्या पदरी होती.

तिरुपतीला जायचं माझ्या मनात आधीपासून होतं. अधिक महिना विष्णूचा, तेव्हा वाण तिथेच जावयाच्या हातात द्यावं असा विचार. मी विमानाचं बघत होते. यानला रेल्वे हवी होती, तीही स्लीपरची. एसीच्या डब्यात काच उघडत नाही, आणि काचेतून बघायचं तर घरी टीव्ही आहे, असं त्याचं म्हणणं. मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, छान कल्पना आहे.

सकाळच्या गाडीत मी पाय ठेवला तो मास्क लावूनच. महामारी संपली होती, पण मास्कची सवय मी सोडली नव्हती, आणि त्या दिवशी त्याचा दुहेरी उपयोग होता. नाकही झाकलं जात होतं आणि चेहराही. आमच्या बाकावरचं निळं रेक्झीन हाताला चिकटत होतं. मी ओल्या कागदांनी ते तीनदा पुसलं आणि तिसराही कागद काळा निघाला, तेव्हा नाद सोडून वर चादर अंथरली. आमचे हे गुडघ्याला तेल चोळून वरच्या बर्थवर चढले आणि जेवणाच्या वेळा सोडल्या तर तिरुपतीपर्यंत झोपले. बाकाखाली शेंगांची फोलपटं होती. बेसिनमध्ये कुणीतरी डबा धुतला होता, भाताची शितं जाळीवर साचली होती आणि वर एक चहाचा कागदी कप तरंगत होता. संडासाबद्दल मी लिहीत नाही. त्या सगळ्या प्रवासात मी पाणी प्यायले ते फक्त दोन घोट.

आणि यान? त्याने खिडकीच्या गजांना गाल लावला. त्या गजांना किती जणांचे हात, किती जणांची तोंडं लागली असतील, किती जणांनी त्यातून बाहेर काय काय सोडलं असेल. त्यावर गाल टेकून तो बाहेर बघत होता आणि वारा त्याच्या दाढीत शिरत होता. गाव संपता संपता रुळांच्या कडेला प्लास्टिकचे ढीग लागले, गटाराचं पाणी लागलं, आणि डबा घेऊन बसलेला एक माणूस लागला. यानने त्यालाही हात केला. त्याने उलट हात केला. मी मास्कच्या आत होते, म्हणून निभावलं.

जालना गेलं आणि मग शेतं लागली. खरं सांगायचं तर मी ती बघतच नव्हते, मी खिडकीखालच्या पत्र्यावरची पानाची रेघ बघत होते. यान बघत होता. कपाशी म्हणजे काय हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. अंगातला शर्ट झाडाला लागतो याचं त्याला इतकं नवल वाटलं की तो शर्टाची बाही धरून हसायला लागला. सोयाबीन, तूर, मका, मध्येच पाण्याने भरलेली डबकी, त्यात बसलेल्या म्हशी, म्हशींवर बसलेले बगळे. तो मुक्ताला नावं विचारत होता आणि वहीत लिहून घेत होता. त्याच्या देशात म्हणे सगळी जमीन पट्टीने आखल्यासारखी आहे, झाडंही रांगेत उभी राहतात. इथे काहीच रांगेत नाही हे त्याला फार आवडलं. मला तेच तर सहन होत नाही.

समोरच्या बाकावर जवळच्या पिशोर गावचं एक जोडपं होतं. आमच्याच गावाहून चढलेलं, साठीच्या पुढचं, पहिल्यांदाच बालाजीला निघालेलं. बाईचं नाव कौसाबाई. नवऱ्याला ती मालक म्हणायची. मालक तळहातावर तंबाखू मळायचे, दोन टाळ्या मारायचे, आणि ती उडालेली धूळ सरळ माझ्या चादरीवर यायची. कौसाबाईच्या केसांना तेल इतकं होतं की बाकाच्या पाठीवर डाग पडला होता. तिच्या पायाशी एक पोतं होतं, मातीसकट अद्रकीचं. देवाला वाहायला घरच्या रानातली आणली होती.

"पाव्हणं जावई हाय व्हय तुमचं?" तिने मला विचारलं. मी हो म्हटलं. तिने यानकडे नीट पाहून घेतलं. "गुणाचा दिसतोय. आमच्या सोयगावच्या जावयाला इथं बसवलं असतं तर सकाळधरनं दहा खेपा तोंड वाकडं केलं असतं."

मी मास्क सारखा केला.

दुपारी तिने फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. कांदा तिने बुक्कीने फोडला, बाकावरच, माझ्या पुसलेल्या नाही, तिच्या न पुसलेल्या. भाकरीचा अर्धा भाग मोडून यानच्या हातावर ठेवला. त्याने तो खाल्ला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ठेचा खाल्ला, बाटलीला तोंड लावून पाणी प्यायला आणि बाटली मालकांपुढे केली. मालक वरून धार धरून प्यायले आणि त्याला हसून दाखवलं, असं प्यायचं असतं. यान शिकायला गेला आणि शर्ट भिजवून बसला. तिघं हसत होती. मुक्ताही हसत होती. तिला इतकं मोकळं हसताना मी कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या हसण्यात मी कुठेच नव्हते. मी घरची पोळी-भाजी स्वतःच्या चमच्याने खात होते.

परभणी मागे पडलं. मुक्ता दाराशी वाऱ्याला जाऊन उभी राहिली. यानच्या बॅगेवरून एक झुरळ चाललं होतं. मोठं, तपकिरी, मिशा हलवत. मी ओरडायच्या आत कौसाबाईने उघड्या तळहाताने ते चेंगरलं. फट्. मग झुरळ खिडकीतून टाकलं आणि हात लुगड्याला पुसला. यान तिला इंग्रजीत धन्यवाद म्हणाला. मला मात्र उमासा आला. मी उठले, बेसिनपर्यंत कशीबशी गेले, तोंडावर पाणी मारलं, माझ्याजवळच्या साबणाने हात धुतले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले. मास्क भिजला होता, तो काढून मुठीत धरला.

परत आले तर डबा उघडा होता.

माझा स्टीलचा डबा, ज्याला मी खणाने बांधलं होतं. त्यातल्या एकेका अनारशासाठी मी आठ दिवस राबले होते. तांदूळ सात पाण्यांनी धुतलेले, पीठ चाळताना डोक्याला फडकं, तळताना स्वयंपाकघरात कुणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं. एकही अनारसा हसला नव्हता, म्हणजे तुपात फुटून पसरला नव्हता. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जाळी एकसारखी. यानला मुक्ताने सांगितलं होतं की हे आईने तुझ्यासाठी केलेत. त्याला ते नीट कळलं होतं. त्याचे होते, म्हणून त्याने ते समोरच्यांपुढे केले. त्यांनी भाकरी दिली, आपण हे द्यावं. वाण आधी विधीने हाती घ्यायचं असतं, मग ते आपलं होतं, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही.

मालकांनी एक तोंडात टाकला होता. कौसाबाईच्या हातात एक होता, आणि ती तो खाणार तेवढ्यात तिचं लक्ष खणाकडे गेलं.

"अगं बया, हे तर अधिकाचं वाण. आमाला कसं चालंल? जावयाचं हाय ते."

आणि तिने हातातला अनारसा परत डब्यात ठेवला. बाकीच्यांच्या वर. त्या हाताने.

माझ्या तोंडावर मास्क नव्हता. मला समोर आरसा नव्हता तरी मला माझा चेहरा दिसला, कारण तो कौसाबाईच्या चेहऱ्यावर दिसला. तिने आपल्या हाताकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे नाहीच पाहिलं. तोच अनारसा तिने दोन बोटांनी अलगद उचलून घेतला, दुसऱ्या कशाला बोट लागणार नाही असा, आणि आपल्या मांडीवर पदरात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या," ती मालकांना हळू म्हणाली. "बाईला चालायचं नाय."

मुक्ता दाराकडून परत येऊन माझ्यामागे उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"तोच चेहरा, आई," एवढंच ती म्हणाली.

यानला शब्द कळले नसतील. तो उठला, कौसाबाईपुढे वाकला, तिच्या पदरातला तो अनारसा उचलला आणि खाल्ला. सगळा. वरची खसखस दाढीत अडकली. मग तिच्या शेजारी, त्या तेलकट डागाला टेकून बसून राहिला.

पुढे नेहमीसारखंच सगळं झालं. नांदेड आलं, चहावाले आले. संध्याकाळच्या उजेडात गोदावरीचा पूल आला, तेव्हा डब्यातली माणसं उठून हात जोडायला लागली. कौसाबाईनेही जोडले, मीही जोडले, आमची नजरानजर झाली नाही. पूल संपल्यावर ताडाची झाडं लागली, भाताची खाचरं लागली, त्या पाण्यात आभाळ पडलं होतं. मी पहिल्यांदाच नीट बाहेर बघितलं, कारण आत बघायला तोंड नव्हतं. सुंदर होतं. यानचं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तिरुपतीला उतरताना मालकांनी पोतं सोडलं आणि कौसाबाईने पिशवीभर अद्रक काढली, पाव्हण्यांसाठी. यानचे दोन्ही हात सामानात अडकलेले, मुक्ता बाबांना धरून उतरवत होती. राहिले मी. कौसाबाईने क्षणभर विचार केला, पदराचं टोक ओढून आपल्या हाताभोवती गुंडाळलं, आणि तशा झाकलेल्या हाताने पिशवी माझ्या हातात दिली. आपलं बोट मला लागू नये म्हणून. तिने तोंड वाकडं केलं नाही, चेहऱ्यावर राग नव्हता. माझी सोय बघितली, बस्स. ती गर्दीत गेल्यावर मला ते नीट उमगलं.

त्यानंतर मी जे केलं ते पुढे तीन वर्षं कुणाला सांगितलं नाही. ही तिघं रिक्षा बघायला पुढे गेली तेव्हा मी तो स्टीलचा डबा फलाटावरच्या कचऱ्याच्या पेटीत उलटा केला. उरलेले एकतीस अनारसे. कोणी बघत नव्हतं. मुक्ताने वाणाचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, प्रवासात खराब झाले. ती 'बरं' म्हणाली. रेल्वेच्या डब्यात मी जेवढी घाण पाहिली, त्या सगळ्यापेक्षा मला त्या क्षणाची शिसारी जास्त येते. अद्रक घरी आणली, तीन पाण्यांनी धुतली, महिनाभर चहात घातली. फार चांगली होती.

पिशोर इथून काही लांब नाही. जाऊ शकले असते. बाजाराच्या दिवशी उभं राहून कौसाबाई म्हणून विचारलं असतं तर कुणीतरी दाखवलं असतं घर. गेले नाही. जाऊन काय सांगणार होते? चेहऱ्यावर कारण लिहिलेलं नसतं. तिने जे वाचलं ते वाचलं, आणि खोलात शिरलं तर अगदीच चुकीचं वाचलं असंही मला म्हणता येत नाही.

मुक्ता तीन वर्षं आली नाही. म्हणाली होती तसं. फोन यायचे, हवापाणी, बाबांचा गुडघा, ठेवते. यंदा होळीनंतर एकदा असंच बोलताना मी काहीतरी विषय काढायचा म्हणून विचारलं, यान अजून सकाळी ध्यान करतो का, देशपांडे वहिनी विचारत होत्या.

मग मुक्ता म्हणाली, "आई, तो ध्यान करत नव्हता."

"मग?"

"तुझं सकाळचं जीभ घासणं. तो आवाज. पहिल्या दिवशी त्याला वाटलं तू आजारी आहेस, तो मला उठवायला आला होता. दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाच ओकारी आली. म्हणून मग तू उठायच्या आधी उठून गॅलरीत जायचा, कानात गाणी मोठ्याने लावून. मला तरी कुठे सांगितलं त्याने. आत्ता मागच्या महिन्यात बोलता बोलता निघालं."

माझी पहिली प्रतिक्रिया सांगते. मला राग आला. आयुष्यात कधी जीभ न घासलेला माणूस, नाक पुसलेला रुमाल खिशात बाळगणारा, त्याला माझी किळस? माझी? मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराचा ओटा घासायला घेतला. ओटा स्वच्छच होता. घासता घासता हात थांबला. अडीच आठवडे. रोज पहाटे. आणि त्यानंतर आत येऊन माझ्या हातचा चहा घेताना त्याच्या चेहऱ्यावर एक घडी कधी दिसली नव्हती. त्याच्या बायकोलाही दिसली नव्हती.

मी मुक्ताला परत फोन लावला. डब्याचं सांगितलं, कचऱ्याच्या पेटीचं सांगितलं, पदरात गुंडाळलेल्या हाताचं सांगितलं. मग ती म्हणाली, अधिक कधी आहे यंदा?

परवा आली दोघं. चेहरा सांभाळ वगैरे या वेळी ती काही बोलली नाही. तिरुपतीची तीच गाडी काढली आहे, स्लीपरच, पुढच्या आठवड्यातली. अनारशाचं पीठ मी दुप्पट धरलंय. वाण या वेळी घरीच द्यायचं, ताटात, दिवा लावून. दुसरा डबा गाडीत न्यायचा, समोर जो कोणी बसेल त्याच्यासाठी, आणि तो मीच उघडणार आहे. मास्क पर्समध्ये आहे. उगाच मोठेपणा कशाला.

आज पहाटे मी उठले तेव्हा यान आधीच गॅलरीत होता. डोळे मिटलेले, तोंड टाक्यांकडे. मी न्हाणीघरात गेले, दार लावलं, नळ पूर्ण सोडला. तरी आवाज व्हायचा तेवढा झालाच, साठी उलटल्यावर घसा ऐकत नाही. तोंड पुसून मी थेट गॅलरीत गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने दचकून कानातलं एक यंत्र काढलं.

"झालं माझं," मी म्हटलं. "ये आत."

एवढं मराठी त्याला आता येतं. आधी तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याचे कान लाल झाले, मग दाढीपर्यंत सगळाच लाल झाला. काय करावं सुचेना म्हणून त्याने खिशातून रुमाल काढला, जोरात नाक शिंकरलं, आत डोकावून पाहिलं, चौकोनी घडी घातली आणि रुमाल परत खिशात ठेवला.

माझा चेहरा झाला. नाकाला घड्या, ओठ वर, डोळे बारीक, अगदी पूर्वीसारखा. मी तो लपवला नाही. यानने तो पाहिला आणि हसत सुटला. मुक्ता आतून दारात येऊन उभी राहिली होती. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लहानपणी करायची तशी तिने माझ्या चेहऱ्याची नक्कल केली.